गोंडवनाची आई

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांच्या राजचिन्हात स्त्री नव्हती. हत्तीवर मात करणारा सिंह हे ते चिन्ह चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवर आजही कोरलेले दिसते. पण राज्य गेल्यावर समाज एकत्र राहिला तो आईच्या कथेमुळे.

कोया पुनेम या गोंडी धर्मपरंपरेतील प्रचलित कथेनुसार कली कंकालीची मुले कचारगडच्या गुहेत कोंडली गेली. पहांदी पारी कुपार लिंगो, जंगो रायताड आणि वादक हिरासुका यांनी त्यांना सोडवले. तीच मुले गोंडांच्या कुळांचे मूळपुरुष ठरली. म्हणजे इथे आईच्या ओळखीतून कुळे आणि कुळांतून अख्खा समाज उभा राहतो. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडला माघ पौर्णिमेला यात्रा भरते. जंगोलाच जंगुबाई म्हणून पूजणारी कुळे पौष महिन्यात जिवती तालुक्याच्या सीमेवरील डोंगरगुहेत येतात. तो भाग महाराष्ट्र आणि तेलंगणा यांच्या सीमावादातला. दोन्हीकडचे गोंड मात्र एकाच आईच्या दर्शनाला जमतात.

गोंडांच्या आईची कथा आणि पूजा आधी होती; भारतमातेचा प्रवास याच्या उलट झाला. अवनींद्रनाथ ठाकूर यांनी 1905 मध्ये, वंगभंगाच्या काळात, पोथी, धान्य, वस्त्र आणि जपमाळ धारण केलेली चतुर्भुज स्त्री रंगवली. आधी चित्र आले, मग पूजा. पुढे ती देशाच्या नकाशाशी इतकी एकरूप झाली की 1936 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते खुल्या झालेल्या वाराणसीच्या मंदिरात मूर्तीच्या जागी संगमरवरी नकाशाच आहे. जंगुबाईला असा नकाशा कधी लागला नाही, आणि तिचे मोठेपण त्यातच आहे.

चित्रे गोंडी मातांचीही निघाली, पण उशिरा. नागपूरचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (1949–2015) यांनी कोया पुनेमची कथा ग्रंथरूपात मांडली. पुढे दिनदर्शिकांवर, सप्तरंगी ध्वजाच्या मिरवणुकांत जंगो आणि कली कंकाली दिसू लागल्या. त्यांच्या जोडीला इतिहासातली राणी आली, गढा-मंडल्याची दुर्गावती. मुघल फौजेशी लढताना 24 जून 1564 रोजी तिने प्राण दिले. चांद्याची स्वतःची राणी हिराई, जिने 18व्या शतकाच्या आरंभी महाकालीचे मंदिर बांधले, तिला मात्र या मिरवणुकांत अजून त्या तोलाचे स्थान मिळालेले नाही.