मन आणि सवयी (भाग ५) : ओपन आला, क्लोज हुकला

सवय कुठे संपते आणि व्यसन कुठे सुरू होतं, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आज जुगार. मोबाइलवरची रमी हाताशी असताना मी मुद्दाम जुना मटका निवडला आहे. त्याची रचना इतकी साधी की आतली चाकं उघडी दिसतात.

न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर मुंबईत पूर्वी आकडे लावले जात. ते थांबल्यावर साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि पाठोपाठ रतन खत्री यांनी मटका उभा केला. गिरणगावात तो चाळीचाळीत पोचला. तीन पत्ते काढायचे, बेरजेचा शेवटचा आकडा घ्यायचा. रात्री नऊच्या सुमारास ओपन, बाराच्या सुमारास क्लोज, दोन्ही मिळून जोडी. एकेरी आकड्याला साधारण नऊपट, जोडीला नव्वदपट. शंभरातली एक जोडी येणार आणि नव्वदपट मिळणार, म्हणजे रुपयामागे दहा पैसे कायमचे बुकीचे. हा हिशेब चौथी पास कामगारालाही कळत होता. तरी लोक खेळले, आणि बहुतेकांचं त्यात काही बिघडलंही नाही. पगाराच्या दिवशी दोन रुपये लावायचे, नाही लागला तर चहा पिऊन घरी.

बिघडतं कुठे, ते जोडीत दिसतं. समजा एकाने ४७ वर दहा रुपये लावले. नऊ वाजता एक्का, पंजा, अठ्ठा : बेरीज चौदा, ओपन चौका. अर्धी जोडी आली! आता तीन तास तो माणूस नऊशे रुपयांचा मालक असतो. कोणाची उधारी फेडायची, बायकोला काय आणायचं, सगळं ठरून जातं. बारा वाजता दुर्री, छक्का, अठ्ठा : सोळा, क्लोज सहा. ‘एकाने हुकला’ असं तो आयुष्यभर सांगतो. वास्तविक सहा आला काय नि शून्य आलं काय, सातापासून दोन्ही सारखेच लांब. मटक्याच्या आकड्यांना शेजारपाजार नसतो. पण मेंदूला तो वाटतो. केंब्रिजमध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ साली स्लॉट मशीनसारख्या खेळावर हे तपासलं. थोडक्यात हुकलेला डाव लोकांना साध्या हरण्यापेक्षा जास्त झोंबला, तरी खेळत राहण्याची इच्छा त्यानेच वाढवली. मेंदूचे जे भाग जिंकल्यावर जागे होतात, त्यांतले काही हुकल्यावरही जागे झाले.

म्हणून ‘लोभापायी गेला’ हे आपलं ठरलेलं निदान मला अपुरं वाटतं. लोभी माणूस जिंकल्यावर पैसे घेऊन उठेल. अडकलेला उठत नाही, कारण त्याला आता वसुली करायची असते. काल दहा गेले, आज वीस लावून ते काढायचे. वीस गेले की चाळीस. या टप्प्यावर करमणूक केव्हाच संपलेली असते. कुणी विचारलं तर तो सांगेल की कर्ज फेडण्यासाठी खेळतोय, आणि ते त्याला मनापासून खरं वाटत असतं. त्यातच सुरुवातीला एखादा मोठा आकडा लागलेला असेल, घरात एकटेपणा किंवा नैराश्य असेल, तर घसरण लवकर होते. मग चार्ट येतात, स्वप्नातल्या सापाचा आकडा कोणता याची चर्चा येते. ‘तिर्री बरेच दिवस आली नाही, आज येणारच.’ तिर्रीला हे कोणी सांगितलेलं नसतं. मोंटे कार्लोत १९१३ साली रुलेचा चेंडू सलग सव्वीस वेळा काळ्यावर पडला, तेव्हा लाल आता येणारच म्हणून लावणारे भले श्रीमंत लोक धुऊन निघाले होते.

स्वभावाला दोष देणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. कंपवातावर दिल्या जाणाऱ्या, डोपामिनसारखं काम करणाऱ्या काही औषधांमुळे आयुष्यात पत्त्याला हात न लावलेली माणसंही जुगाराच्या नादी लागल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. औषध कमी किंवा बंद केल्यावर अनेकांचा नाद सुटतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जुगाराचा विकार दारू आणि इतर अमली पदार्थांच्या प्रकरणात नेऊन बसवला, तो उगाच नव्हे. त्यांच्या नऊ लक्षणांपैकी वर्षभरात चार दिसली की निदान होतं. किती पैसे गेले, हा त्यात निकष नाही. खोटं बोलणं, हरलेले पैसे काढायला परत जाणं, थांबवू पाहिलं की चिडचिड होणं, असे निकष आहेत.

मटक्यात एक बरं होतं : दोन निकालांच्या मध्ये तीन तास, नंतर झोप, शिवाय बुकीपर्यंत चालत जावं लागे. फोनवर पुढचा डाव काही सेकंदांत येतो आणि पैसे नोटांसारखे हातातून जाताना दिसत नाहीत. निकाल जितका झटपट, तितका थांबायला वाव कमी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. वसुलीची ओढ लागलेला माणूस मात्र चोरवाट शोधतोच.

त्या नऊ लक्षणांतलं एक खेळणाऱ्याइतकंच घरच्यांचंही आहे : जुगारातली देणी भागवायला दुसऱ्यांवर विसंबणं. आई पाटल्या मोडते, भाऊ सोसायटीचं कर्ज काढतो, ‘हे शेवटचं’ अशी शपथ होते. देणी फिटतात, आणि त्याबरोबर त्याची बाजारातली पतही परत येते. मग अशा वेळी घरच्यांनी पैसे द्यावेत की नाही, आणि द्यायचे तर कोणाच्या हातात, याबद्दल पुढच्या भागात.