उपाहारगृह व गृहिणी

परवा आमच्या अहेरीस एक लहानसे उपाहारगृह नव्याने निघाले. चार-सहा मेजे, भिंतीवर दरपत्रक, आणि प्राणहितेपलीकडील तेलंगी चालीच्या इडली-दोशांबरोबर आपले वरण-भात व अंबाडीची भाजी, एवढाच काय तो त्याचा थाट. मुलांनी हट्ट धरला की, रविवारी घरातील बाराही माणसांनी तेथे जेवावयास जावे. आम्हांस ही कल्पना प्रथम रुचली नाही. "घरी अन्नपूर्णा असता बाहेर कशाला?" असे आम्ही बोलून गेलो. त्यावर एरवी मितभाषी असणाऱ्या आमच्या थोरल्या वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, अन्नपूर्णेलाही कधी कोणी वाढावे की नाही?" आम्ही निरुत्तर झालो.

ही संस्था मूळची पॅरिस नगरीची. 'रेस्तराँ' ह्या फ्रेंच शब्दाचा धात्वर्थ 'पुन्हा शक्ती आणणारे' असा आहे. अठराव्या शतकात अशक्त मनुष्यास द्यावयाच्या मांसरसास हे नाव होते. पुढे तो रस जेथे मिळे त्या जागेसच ते चिकटले. तत्पूर्वी तेथील खाणावळीत ठरल्या वेळी, एकाच मेजाभोवती बसून, मालक वाढील ते खावे लागे. नव्या गृहात स्वतंत्र मेज मिळू लागले, आणि पत्रिका वाचून, किंमत पाहून, आपल्या आवडीचा पदार्थ मागता येऊ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास द्यूव्हाल नामक खाटकाने सामान्य जनांकरिता 'बुइयाँ' नावाची स्वस्त भोजनगृहे काढली. १८९६ सालचे 'शार्तिए' आजही चालू असून तेथील वाढपी मेजावरच्या कागदावरच हिशेब मांडतो. २०१७ साली पिगाल भागात निघालेल्या अशाच एका गृहापासून ह्या जुन्या प्रकारास पुन्हा बहर आला आहे.

आवडीचा पदार्थ मागणे ही गोष्ट किती मोठी आहे, हे आम्हांस त्या रविवारी कळले. वाढप्याने वहिनींस विचारले, "आपल्याला काय आणू?" वहिनी गोंधळल्या. आम्हांस भात मऊ लागतो, धाकट्यास वरणावर तूप दोनदा लागते, हे सारे त्यांस चाळीस वर्षे मुखोद्गत आहे. परंतु त्यांस स्वतःस काय आवडते, हे आम्हां अकरा जणांपैकी एकासही सांगता येईना. अखेर त्यांनी दोसा मागविला. पहिले पान त्यांच्याच पुढे आले, तेव्हा त्यांचा हात सवयीने डावाकडे गेला; तेथे डाव नव्हता. मग त्या स्वस्थ बसून जेवल्या. अंबाडीत लसूण अंमळ अधिक झाला आहे, हा अभिप्राय मात्र त्यांनी दिलाच.

आपल्या घरी गृहिणीने शेवटी जेवावे, यास कोणी शास्त्राचा आधार देतात. मनुस्मृतीचा तिसरा अध्याय उघडून पाहावा. अतिथी व आश्रित तृप्त झाल्यावर उरलेले अन्न पती व पत्नी या दोघांनी सेवन करावे, असे तेथे आहे. शेवटचे पान एकट्या पत्नीचे, असे नाही. मग आम्ही पुरुष पहिल्या पंक्तीस केव्हा जाऊन बसलो, हे ज्याचे त्याने स्वतःस विचारावे. रांधणाऱ्या हातांचे मोल बाहेरच्या जगाने तरी थोडेफार ओळखले आहे: मुंबईच्या गिरणगावात खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांस एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापिले. घरातील अन्नपूर्णा तेवढ्या असंघटित राहिल्या.

वाचकांनी रोज उपाहारगृहाची वाट धरावी, असे आमचे म्हणणे नाही. आमच्या घरी तूर्त इतकेच ठरले आहे की, रविवारी पहिली पंक्त स्त्रियांची, आणि वाढणारे आम्ही. गेल्या रविवारी आमच्या हातून वरण सांडले. वहिनी उठू लागल्या. त्यांस आम्ही बसावयास सांगितले, आणि फडके कोठे असते ते प्रथमच शोधून काढले.