हृदय ‘फेल’ होतं म्हणजे काय?

विषय हृदयाचा आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा मास्तर. तेव्हा सुरुवात देकार्तपासून. १६३७ साली त्याने लिहिलं की हृदयात उष्णता असते, तिने रक्त फुगतं आणि धमन्यांत जातं. त्याआधी नऊ वर्षं, १६२८ मध्ये, विल्यम हार्वे वेगळं सांगून बसला होता: हृदय हा स्नायू आहे, तो आवळला की रक्त बाहेर ढकललं जातं. हार्वेचा हिशेब साधा होता. एका ठोक्याला अगदी थोडं रक्त जातं असं धरलं, तरी अर्ध्या तासात ते अख्ख्या शरीरातल्या रक्ताहून जास्त भरतं. एवढं रक्त अन्नातून नवं कुठून होणार? म्हणजे तेच फिरत असणार. तर्कशास्त्र शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला क्वचितच सापडलं.

आजचे आकडे घ्या. ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, मिनिटाला ७० ठोके; झाले जवळजवळ ५ लिटर. उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावी सगळ्या शरीराकडे. मधल्या झडपा एकाच दिशेने उघडतात.

आता माझ्या थोरल्या भावाची गोष्ट. रिपोर्टवर ‘हार्ट फेल्युअर’ वाचलं आणि घरात रडारड. अहो, हृदय बंद पडणं वेगळं. फेल्युअरमध्ये पंप चालू असतो, पण गरजेइतकं रक्त पुढे जात नाही. दादाचं इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्के होतं, म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी तेवढंच बाहेर पडत होतं. निरोगी माणसाचंही साठीच्या आसपास असतं. या परीक्षेत शंभर कुणालाच मिळत नाहीत. काहींचे मार्क चांगले असतात, पण हृदय ताठर होऊन नीट भरत नाही. तोही फेल्युअरच.

पुढे न गेलेलं मागे तुंबतं. फुप्फुसांत तुंबलं की आडवं पडल्यावर दम लागतो. दादाला तीन उशा लागायच्या. उजवी बाजू थकली की पायांवर सूज.

पण खरी गंमत मूत्रपिंडाची आहे. त्याला रक्त कमी पोचतं. का कमी, हे कळायला त्याला मार्ग नाही. ते समजतं, जखमेतून रक्त गेलं किंवा अंगातलं पाणी आटलं. मग ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं. जखमी माणसाला हे तारतं. इथे थकलेल्या पंपावर बोजा वाढतो. पंप आणखी थकतो, मूत्रपिंड आणखी पाणी धरतं. अनुमान बरोबर, गृहीतक चूक! अॅड्रिनलिनचंही तेच, दमल्या बैलाला चाबूक. म्हणून एकेकाळी या आजारात वर्ज्य मानलेली बीटा ब्लॉकर औषधं आज, अगदी कमी मात्रेपासून सुरू करून, आयुष्य वाढवायला देतात.

दादा लघवीची गोळी चुकवायचा. “आजार हृदयाचा आणि गोळी लघवीची, हे कसलं शास्त्र?” एका लग्नाला बसने जायचं म्हणून गोळ्या बंद, वर लोणचं-पापड. परतल्यावर तिसऱ्या रात्री तो उठून खिडकीशी बसला, श्वास मिळेना. दवाखान्यात कळलं, आठवड्यात वजन तीन किलो वाढलंय. ते सगळं पाणी होतं.

आता रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाआधी, वजन होतं आणि आकडा कॅलेंडरवर जातो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं की डॉक्टरांना फोन. आकडा वहिनी लिहितात, कारण दादा अर्धा किलो कमी सांगतो.