पांढऱ्या पेशी नेमक्या कधी वाढणार?

केमो घेतलेल्या पेशंटच्या घरचे हमखास विचारतात, "सिस्टर, काउंट नेमका कोणत्या दिवशी वाढेल? शेजारच्या खाटेवरच्या ताईंचा तर वाढला." याचं उत्तर आपल्या हाडांच्या आत आहे.

हाडांच्या पोकळीत मज्जा असते. तिथल्या मूळपेशींपासून सगळ्या रक्तपेशी तयार होतात. मूळपेशीच्या दोन पेशी झाल्या, की प्रत्येकीपुढे दोन वाटा असतात : मूळपेशीच राहायचं, किंवा पक्व होऊन तांबडी वा पांढरी पेशी बनायच्या मार्गाला लागायचं.

ही वाट कोण ठरवतं? कॅनडातल्या टोरांटो शहरात जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्कलक यांनी किरणांनी मज्जा निकामी केलेल्या उंदरांना निरोगी मज्जेच्या पेशी टोचल्या. दहाएक दिवसांत उंदरांच्या प्लीहेवर गाठी उठल्या. एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढलेली. पण आत मोजलं, तर एखाद्या गाठीत नव्या मूळपेशी भरपूर, तर एखादीत एकही नाही! १९६४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह मांडलं, की कोणती पेशी कधी पक्व व्हायला निघेल, हे फाशाच्या दानासारखं असतं. ठरलेली असते ती फक्त शक्यता.

मग सगळं नशिबावरच का? मुळीच नाही. एका फाशाचं दान सांगता येत नाही. पण लाख फासे टाकले तर सहा साधारण किती वेळा पडतील, हे सांगता येतं. मज्जेत तर रोज अब्जावधी पेशी तयार होतात. म्हणूनच डॉक्टर अंदाज देऊ शकतात : बऱ्याच केमोंनंतर सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि तीन-चार आठवड्यांत सावरतात. पेशंटागणिक फरक पडतो तो मुख्यतः औषध, डोस, वय आणि मज्जेची ताकद यांमुळे. काही पेशंटना डॉक्टर काउंट वाढवायचं इंजेक्शन देतात. ते पेशींना लवकर वाढायला आणि पक्व व्हायला लावतं.

म्हणून शेजारच्या खाटेशी तुलना करू नका. सुनेच्या पायगुणाला बोल लावू नका. काउंट कमी असेपर्यंत हात साबणाने धुवा, ताजं शिजवलेलं अन्न द्या, सर्दी-खोकला असलेल्यांना लांब ठेवा. घरात थर्मामीटर ठेवाच. ताप १००.४ किंवा जास्त दिसला, तर मध्यरात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा. आपल्या मनाने तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना ते काही तासही जिवावर बेतू शकतात.