घटसर्पाचा जंतू घशातच. निमित्त पहिल्या पावसाचे

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की वऱ्हाडातील शेतकऱ्याचे सारे लक्ष पेरणीकडे लागलेले असते. नेमक्या याच दिवसांत गोठ्यातील एखादी धडधाकट म्हैस अचानक चारा सोडते. अंग तापते, तोंडातून लाळ गळू लागते, गळ्याखाली सूज चढते आणि श्वास घेताना घशातून घरघर ऐकू येते. पशुवैद्यक येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. घटसर्प किंवा गळसुजी या नावाने ओळखला जाणारा हा रोग कित्येकदा एका दिवसात जनावराचा बळी घेतो.

शहरी वाचकाला घटसर्प म्हटले, की लहान मुलांना होणारा डिप्थेरिया आठवतो. नाव एक असले तरी हे दोन रोग सर्वस्वी वेगळे आहेत. जनावरांतील घटसर्प 'पाश्चुरेला मल्टोसिडा' या जिवाणूच्या विशिष्ट प्रकारामुळे होतो. लुई पाश्चर यांच्या स्मरणार्थ या जिवाणूकुळाला हे नाव मिळाले. गायींपेक्षा म्हशींना हा रोग अधिक जडतो आणि त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही अधिक असते.

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार तालुक्याच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरते. सातपुड्यातून उतरणारी पूर्णा या तालुक्यातून वाहते. तिच्या खोऱ्यातील 'पूर्णाथडी' म्हशीला 2023 मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली. वऱ्हाडाच्या उन्हाळ्यात तग धरणारी ही म्हैस लहान शेतकऱ्याचा मोठा आधार आहे. ऐन खरिपाच्या तोंडावर ती दगावली, तर दुधाचा पैसा थांबतो आणि पेरणीचे गणितही कोलमडते.

हा रोग पावसाबरोबरच का येतो? जंतू पावसाच्या पाण्यातून येतो, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ओल्या मातीत आणि चिखलात हा जिवाणू फार काळ टिकत नाही. तो वर्षभर मुक्काम करतो तो काही निरोगी जनावरांच्या घशातील टॉन्सिल्समध्ये. अशा वाहक जनावरात रोगाचे कोणतेही लक्षण दिसत नाही. उन्हाळ्यातील चाराटंचाईने अशक्त झालेले शरीर, अचानक बदललेली हवा, गोठ्यातील ओल आणि नांगरट-वखरणीचे कष्ट एकत्र आले, की प्रतिकारशक्ती खालावते. मग हाच जंतू वाढीस लागतो. लाळ व नाकातील स्राव यांतून तो शेजारच्या जनावरांपर्यंत पोहोचतो आणि दमट हवा त्याला साथ देते. रक्तात शिरल्यावर तो विषारी द्रव्ये पसरवतो. ताप 104 ते 107 अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो, घशाची सूज श्वासमार्ग आवळते आणि फुप्फुसांत पाणी साचते.

श्वसनाचे इतर रोगही बरेचसे याच वाटेने येतात. शरीराच्या मानाने गुरांच्या फुप्फुसांची क्षमता मर्यादित असते. आयबीआर, पॅराइन्फ्लुएन्झा-3 यांसारखे विषाणू प्रथम श्वासनलिकेच्या अस्तराला इजा करतात. जंतूंना बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस त्यामुळे निकामी होतात. त्यानंतर एरवी नाका-घशात गुपचूप राहणारे 'मॅनहायमिया' व 'पाश्चुरेला' गटातील जिवाणू फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. दूरच्या प्रवासानंतर जनावरांना येणाऱ्या तापामागेही मुख्यतः हेच कारण असते.

येथेच बाजाराचा संबंध येतो. चांदूर रेल्वेपासून वेगळे ओळखता यावे म्हणून या गावाच्या नावाला 'बाजार' जोडूनच बोलले जाते. वऱ्हाडातील बाजारगावांत खरिपापूर्वी बैलांची खरेदी-विक्री वाढते. दाटीवाटीने भरलेल्या वाहनातून उपाशीतापाशी आलेला बैल अनेक गावांच्या जनावरांत मिसळतो आणि दुसऱ्याच दिवशी नव्या धन्याच्या शेतात जुंपला जातो. प्रवासाचा ताण, अनोळखी कळप व कष्ट या तिन्ही गोष्टी जंतूच्या पथ्यावर पडतात.

बदललेले हवामान काय करू शकते, याचे विदारक उदाहरण मे 2015 मध्ये कझाकस्तानात दिसले. तेथील गवताळ प्रदेशात अवघ्या तीन आठवड्यांत दोन लाखांहून अधिक सायगा हरणे मरण पावली. मृत्यूचे कारण याच जिवाणूमुळे झालेला घटसर्प होता. जंतू हरणांच्या शरीरात आधीपासूनच होता. नेहमीपेक्षा अधिक उष्ण व दमट हवेने त्याला वाव मिळाल्याचे संशोधकांना आढळले.

गुरांचे काही भयंकर रोग भारताने हद्दपार केले आहेत. बुळकांड्या 2011 मध्ये जगातूनच नष्ट झाल्याचे जाहीर झाले. मायकोप्लाझ्मा जंतूमुळे होणाऱ्या सांसर्गिक फुप्फुसदाहापासून भारत मुक्त असल्याचे 2007 मध्ये मान्य झाले. घटसर्पाचे तसे होणे कठीण आहे, कारण त्याचा जंतू निरोगी जनावरातच दडून राहतो. म्हणूनच लसीला पर्याय नाही, आणि लसीइतकेच तिच्या वेळेलाही महत्त्व आहे.

लस टोचल्यानंतर प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. तुरटीयुक्त लसीचे संरक्षण चार ते सहा महिनेच टिकते, तर तेलयुक्त लसीचे वर्षभरापर्यंत. त्यामुळे हिवाळ्यात टोचलेली तुरटीयुक्त लस पावसाळ्यात कामी येत नाही आणि साथ सुरू झाल्यावर टोचलेली लस आजारी जनावराला वाचवू शकत नाही. मे महिना हीच योग्य वेळ होय. पुण्याच्या औंध येथील शासकीय संस्थेत ही लस तयार होते. दवाखान्यापासून गोठ्यापर्यंत ती 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानातच राहिली पाहिजे. वऱ्हाडातील मे महिन्याच्या उन्हात बर्फाची पेटी म्हणूनच सुईइतकीच मोलाची ठरते.

बाजारातून आणलेले जनावर दोन ते तीन आठवडे वेगळे बांधावे, लगेच कामाला जुंपू नये आणि ताप दिसताच पशुवैद्यकाला बोलवावे. प्रतिजैविके ताप चढताच दिली तरच उपयोगी पडतात. सूज श्वास रोखू लागल्यावर हाती फारसे काही उरत नाही. मृत जनावर नाल्यात न टाकता चुना घालून खोल पुरावे. बियाणे आणि खताची तजवीज शेतकरी मृगापूर्वीच करून ठेवतो. गोठ्यातील लसीचे स्थानही त्याच यादीत, आणि तेही वरच्या ओळीत असावयास हवे.