पोरांनी गंमत म्हणून पृथ्वीच उडवली! 'डी.आर. अँड क्विंच' या कॉमिकमध्ये एवढं हसण्यासारखं आहे तरी काय?

परग्रहावरचा माणूस म्हटलं की आपल्याकडे दोन चेहरे आठवतात. एक 'चाचा चौधरी'तला साबू. गुरू ग्रहावरून आलेला, अंगाने धिप्पाड, पण चाचाजींच्या शब्दाबाहेर न जाणारा. दुसरा जयंत नारळीकरांच्या 'प्रेषित'मधला, पृथ्वीवर लहानाचा मोठा होणारा मुलगा. दोघंही सज्जन. आपल्याकडे एलियन येतो तो बहुतेक मदतीलाच येतो.

इंग्लंडमध्ये १९८३ साली आलेले दोन एलियन मात्र याच्या अगदी उलट होते. वय कॉलेजात जायचं, घरची परिस्थिती उत्तम, आणि छंद एकच, तो म्हणजे जे दिसेल ते उद्ध्वस्त करायचं. एक किडकिडीत आणि डोकेबाज, त्याचं नाव वाल्डो डॉब्स, उर्फ डी.आर. दुसरा डोंगराएवढा अर्नेस्ट एरल क्विंच. तो फार बोलत नाही. डी.आर.ने काही म्हटलं की 'बरोबर' म्हणून मान डोलावतो आणि बंदूक उचलतो.

हे कॉमिक '२००० एडी' नावाच्या ब्रिटिश साप्ताहिकात आलं. फेब्रुवारी १९७७ मध्ये सुरू झालेलं हे साप्ताहिक आजही निघतं, 'जज ड्रेड' त्यातलाच. डी.आर. आणि क्विंचची गोष्ट लिहिली ॲलन मूर यांनी, चित्रं काढली ॲलन डेव्हिस यांनी. मूर म्हणजे पुढे 'वॉचमेन' लिहिणारे. 'व्ही फॉर व्हेंडेटा'ही त्यांचंच. त्यातला हसरा मुखवटा जगभरच्या आंदोलनांमध्ये दिसतो, तो काढला होता डेव्हिड लॉइड या चित्रकाराने.

पहिली गोष्ट फक्त काही पानांची होती. या दोघांचं कॉलेजच्या डीनशी वाकडं असतं. मग ते काळात मागे जाऊन पृथ्वीच्या इतिहासात हवी तशी ढवळाढवळ करतात, आणि शेवटी पृथ्वीच नष्ट होते. पोरांना वाईट वगैरे काही वाटत नाही. सुट्टी मजेत गेली, एवढंच.

वाचकांना हे प्रचंड आवडलं. म्हणून १९८४ मध्ये मोठ्या कथा आल्या. एकीत दोघं न्यायाधीशासमोर सुधारल्याचं नाटक करतात आणि समाजसेवेच्या नावाखाली नवा धिंगाणा घालतात. एकीत सैन्यात भरती होतात. सगळ्यात गाजली ती हॉलिवूडची गोष्ट. त्यात मेलेल्या लेखकाची, कुणालाच न लागणाऱ्या अक्षरातली पटकथा घेऊन ते सिनेमा काढायला निघतात. त्यात 'संत्री' हा एकच शब्द धड वाचता येतो. मार्लन ब्रँडोची टर उडवणारा नायक अखेर संत्र्यांच्याच ढिगाखाली गाडला जातो.

आता नावातल्या 'डी.आर.'कडे येऊ. खरी मेख तिथे आहे.

डी.आर. म्हणजे 'डिमिनिश्ड रिस्पॉन्सिबिलिटी'. हा कायद्यातला शब्द आहे. इंग्लंडच्या १९५७ च्या होमिसाइड ॲक्टमध्ये ही तरतूद आली. आरोपीची मानसिक अवस्था अशी असेल की त्याला कृत्यासाठी पूर्ण जबाबदार धरता येत नाही, तर खुनाऐवजी कमी गंभीर गुन्हा लागतो. मूर यांनी हा शब्द एका लाडावलेल्या पोराचं टोपणनाव करून टाकला. म्हणजे विनोद पोरांच्या मस्तीवर नाही. 'बिचाऱ्याला समजत नव्हतं' म्हणत दरवेळी त्यांना सोडून देणाऱ्या मोठ्या माणसांवर आहे.

भारतात अगदी अशी तरतूद नाही, पण वयाचा विचार होतो. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य आपल्याकडे गुन्हाच धरत नाहीत. १८ वर्षांखालच्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. २०१५ च्या कायद्यानुसार १६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल, तर त्याला प्रौढ म्हणून चालवायचं का, हे आधी तपासलं जातं.

हे सगळं महाराष्ट्राला पाठ झालं ते १९ मे २०२४ नंतर. पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दुचाकीला उडवलं आणि दोन तरुण इंजिनिअर जागीच गेले. चालवणारा १७ वर्षांचा होता, असं पोलिसांनी सांगितलं. काही तासांत जामीन झाला आणि त्याच्या अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. त्यानंतर जामखेडपासून मुंबईपर्यंत मोबाईलवर निबंधाचेच विनोद फिरले. अपघाताच्या जागी निषेध म्हणून निबंध स्पर्धाही झाली. लोक हसत होते ते निबंध लिहायला सांगणाऱ्या व्यवस्थेला. गेलेल्या दोघांवर कुणी विनोद केला नाही. पुढे जुलै २०२५ मध्ये मुलाला प्रौढ म्हणून चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली.

फरक इथेच पडतो. कॉमिकमध्ये मेलेल्यांना ना नाव असतं, ना घर. एका चौकटीत शहर असतं, पुढच्या चौकटीत धूर. मागे रडणारी आईच दाखवलेली नाही, म्हणून हसता येतं.

खुद्द मूर यांनाही हे खटकलं. अण्वस्त्रं हा हसण्याचा विषय असू शकतो का, आणि आपण हिंसा गमतीदार करून टाकतोय का, अशी शंका त्यांनी नंतर मुलाखतीत बोलून दाखवली. त्या काळात ही शंका हवेतली नव्हती. १९८३ च्या नोव्हेंबरमध्येच अमेरिकेची अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमनच्या तळावर पोहोचली होती. तळाबाहेर बायका तंबू ठोकून बसल्या होत्या. आणि पोरं साप्ताहिकात पृथ्वी उडताना बघून खिदळत होती.

तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. मूर यांची गंभीर पुस्तकं वाचणाऱ्यांनाही हे कॉमिक वाचताना हसू आवरत नाही. डेव्हिस यांनी रेखाटलेलं डी.आर.चं ते निरागस, लबाड तोंड बघितलं की न्यायाधीश का फसतो ते कळतं.

मूर यांनी पुढे या दोघांवर लिहिलं नाही. १९८७ मध्ये जेमी डेलानो आणि डेव्हिस यांनी त्यांना परत आणलं, ते वाचकांच्या खासगी अडचणींवर सल्ला देणारं सदर चालवायला.