सर्वांत जवळचा दवाखाना कोणता?

मण्यार हा साप बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंशाची खूण अनेकदा दिसतही नाही. पापण्या जड होतात आणि पुढे श्वास मंदावतो. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला, तर उपचारांअभावी दोन तासांतही बाईचा जीव जाऊ शकतो. अशा वेळी घरच्यांचा एकच प्रश्न असतो : जवळचा दवाखाना कोणता?

याचे उत्तर आधीच काढून ठेवता येते. चारठाणा परिसराचे उदाहरण घेऊ. एक्सेलच्या एका शीटमध्ये गावे, दुसऱ्यात दवाखाने आणि प्रत्येकापुढे त्याचे अक्षांश-रेखांश लिहा. मोबाइलमधील नकाशावर ठिकाणी बोट दाबून धरले की हे आकडे मिळतात. आता गाव आणि दवाखाना यांच्या अक्षांशांतील फरकाला १११ ने, रेखांशांतील फरकाला १०५ ने गुणा. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ काढा. हे झाले सरळ रेषेतले किलोमीटर. रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, म्हणून विषुववृत्तावर एक रेखांश १११ किलोमीटरचा असला, तरी आपल्याकडे तो सुमारे १०५ चाच भरतो. 'मिन' हे फंक्शन सर्वांत लहान अंतर शोधते, तर 'इंडेक्स' आणि 'मॅच' त्या दवाखान्याचे नाव देतात.

एक्सेलला तालुक्याची हद्द कळत नाही, हे एका परीने बरेच. चारठाणा जिंतूर तालुक्यात आहे; पण हद्दीवरच्या एखाद्या गावाला सेलू किंवा जालना जिल्ह्यातील मंठा जवळ पडू शकते. विष कुठे हद्द पाहते?

पण एक्सेलला रस्ताही कळत नाही. याच तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. जलाशयाच्या समोरासमोरच्या काठांवरील ठिकाणे शीटमध्ये शेजारी दिसतील. गाडीला मात्र वळसा घालावा लागतो. लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीचा नकाशा काढला, तेव्हा कोणत्या घराला कोणता पाण्याचा पंप जवळ, हे त्यांनी रस्त्याने चालण्याच्या अंतरावरून ठरवले होते, सरळ रेषेवरून नव्हे.

म्हणून शीटमधून जवळचे दोन-तीन दवाखाने निवडा आणि तिथे पोहोचायला लागणारा वेळ प्रत्यक्ष तपासा. रात्रीचा आणि पावसाळ्यातलाही. त्याआधी यादीही चाळून घ्या. सर्पदंशासाठी प्रतिविष असलेले आणि बाळंतपणासाठी सिझेरियन व रक्ताची सोय असलेले दवाखाने वेगळे काढा. सोय नसलेला दवाखाना कितीही जवळ असला, तरी तिथून पुढे पाठवण्यात वेळ जातोच.

हे काम ग्रामपंचायत, आशाताई आणि गावातली संगणक येणारी मुले मिळून एका दिवसात करू शकतात. निघालेली नावे, फोन नंबर आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक चावडीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. मध्यरात्री कोणी एक्सेल उघडत बसत नाही.